पहिलं पाणी

शनिवारी आल्तारावरचे कपडे घरी येतात.
मिस्साला उभा राहणारा सांतू
सायकलवरूनच पिशवी टाकून जातो:
दोन चादरी, चार हातपुसणी,
आणि तो चौकोनी रुमाल, ज्यावर कटोरा ठेवतात.
त्याचं पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही,
मातीत ओतायचं. सासूने शिकवलं होतं.
मी ते अबोलीच्या आळ्यात ओतते.
मग उकड्या तांदळाच्या पेजेची खळ,
सुरूच्या सावलीत दोरी,
करवंटीच्या निखाऱ्यांची इस्त्री.
बावीस वर्षं. एकही रुमाल पिवळा पडू दिला नाही.

हे सांगते, कारण देवाशी मी बोलत नाही.
गेल्या मे महिन्यापासून.

इनास होड्यांच्या फटी बुजवायचा.
अंधारात बोट फिरवून सांगायचा
पाणी कुठून शिरेल.
साखरेने आधी त्याचा अंगठा नेला,
मग ती डोळ्यांवर आली.
मी सायबिणीचे नऊ शनिवार धरले,
उपाशी, अनवाणी,
उभादांड्याच्या तापल्या वाळूतून.
शेजारच्या जयवंतीने देवळात नारळ ठेवून
गाऱ्हाणं घातलं, तेही इनासच्याच नावाने.
गुरव बोलत गेला आणि मागून ती एकटीच:
'व्हय म्हाराजा.'
दोन्ही दारं वाजवून झाली होती.

कुडाळला पट्टी सोडली तेव्हा
डॉक्टरने समोर बोटं धरली. किती?
इनास हसला.
'उजेड दिसता. बोटां नाय.'
मग माझ्याकडे वळला,
म्हणजे मी होते त्याच्या थोडं डावीकडे.

लोक आले. केळी घेऊन, समजुती घेऊन.
'देवाच्या मनात काय तरी असतला.'
मी चहा टाकत राहिले.
एकीने विचारलं, नोव्हेना नीट पुरी केलेलीस ना,
मधे कुठे चुकली नाहीस ना?
तिच्या चहात साखर घालायची विसरले. मुद्दाम.

दहाव्या शनिवारी पिशवी आली.
परत पाठवणार होते.
पण सांतू शिटी वाजवत वळणापार गेला होता,
आणि हातपुसण्यावर द्राक्षारसाचा डाग होता,
ओला. सुकला की जात नाही.
एवढंच कारण. मी विहिरीवर गेले.

माझ्या आईने पापाशी एकदा सात महिने
अबोला धरला होता.
ती ताट वाढायची, तो जेवून उठायचा.
त्या सात महिन्यांत आई
एकदाही मीठ विसरली नाही.

इनासचं मात्र काही बिनसलेलं नाही.
रविवारी माझ्या दंडाला धरून येतो,
आपल्याच बाकावर बसतो,
आणि कान माझ्याकडे करून विचारतो:
'गो, आज खयचो रंग?'
जांभळा, मी सांगते. उपासाचे दिवस चाललेत.
'फुलां?'
उपासात फुलं नसतात.
'मेणवाती?'
सहा. डावीकडची तिरकी आहे, गळतेय.
'कपडो?'
पांढरा. कडक. काठ चार बोटं खाली उतरलेला.

त्या रविवारी वाचन आंधळ्याचं होतं.
थुंकी, माती, तळ्यात धुतलेले डोळे,
आणि तो बघत परत आला.
मी इनासकडे बघितलं नाही.
चर्चमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही,
सगळ्यांना ठाऊक होतं आम्ही कुठे बसलोय.
इनासने माझा दंड दाबला.
'फादराकडे थुकी मागया काय?'

मला हसू फुटलं. किती महिन्यांनी.
पुढच्या बाकावरची वळून बघू लागली.
मग हसूच होतं की दुसरं काही,
ते पदरात पुसलं.

'सांग गो फुडला.'

फादर लिगोरींनी कटोरा उचलला.
मी सांगत गेले, हळू,
कुणाला म्हणाल, तर इनासला:
वर धरलाय. अजून धरलाय.
हात थरथरतायत, वय झालं.
आता खाली आणला. रुमालावर ठेवला.
रुमालाला एक सुरकुती नाही.